रुग्णाशी कसं बोलावं, हे शिकवायचं कधी? वैद्यकीय महाविद्यालयांच्या अधिष्ठात्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय अधिष्ठाता,
महाराष्ट्रातील सर्व शासकीय व महापालिका वैद्यकीय महाविद्यालये

विषय : एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातलं संवादाचं प्रशिक्षण लॉगबुकातून (विद्यार्थ्यांच्या नोंदवहीतून) बाहेर काढून वॉर्डात आणण्याबाबत

महोदय / महोदया,

मी सार्वजनिक रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय) या पदावर काम केलं आणि आता निवृत्त आहे. ओपीडीतून बाहेर पडलेला माणूस हातात केसपेपर घेऊन ज्या टेबलाशी येतो आणि विचारतो, "बाई, डॉक्टर काय म्हणाले हो?", त्या टेबलामागे माझी नोकरी झाली. योजनेची कागदपत्रं बघणं, ट्रस्टकडून मदत मिळवणं, बेवारस रुग्णाचे नातेवाईक शोधणं ही आमची नेमून दिलेली कामं. पण दिवसाचा मोठा वेळ जायचा तो वेगळ्याच गोष्टीत. डॉक्टरांनी सांगितलेलं रुग्णाला पुन्हा समजावायचं, आणि रुग्णाचं सांगायचं राहून गेलेलं डॉक्टरांच्या कानावर घालायचं. हे काम कुठल्याही आदेशात लिहिलेलं नाही. तरी राज्यातल्या प्रत्येक मोठ्या रुग्णालयात कुणी ना कुणी ते रोज करत असतं. कधी सिस्टर, कधी मावशी, कधी शेजारच्या खाटेवरचा जुना रुग्ण.

पत्र लिहायला निमित्त झालं ते एका निर्णयाचं. माझं काम ज्या महाविद्यालयाशी जोडलेलं होतं, तिथे दुसऱ्या वर्षाची मुलं छोट्या गटांनी आमच्या विभागात येऊन बसायची. रुग्णाशी स्वतः बोलायची, एक शिक्षक आणि आमच्यापैकी एकजण ते ऐकायचा, आणि रुग्ण गेल्यावर त्यावर चर्चा व्हायची. यंदा हे बंद झालं. आता अख्खी बॅच सभागृहात बसते, पडद्यावर स्लाइड्स सरकतात आणि शेवटी लॉगबुकवर सह्या होतात. कारण सांगितलं गेलं की पोर्शन मागे पडतोय. इतर जिल्ह्यांतल्या सहकाऱ्यांशी बोलले तेव्हा कळलं की त्यांच्यापैकी अनेकांकडे हे कधी सुरूच झालेलं नव्हतं. म्हणून एका महाविद्यालयाकडे तक्रार न करता आपणा सर्वांना जाहीरपणे लिहीत आहे.

आधी ज्याची आपल्याला आठवण करून द्यावी लागू नये, ते. भारतीय वैद्यक परिषदेने २०१८ मध्ये 'एटकॉम' नावाचा अभ्यासक्रम तयार केला. वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद हे त्याचे तीन विषय. ऑगस्ट २०१९ मध्ये एमबीबीएसला आलेल्या बॅचपासून तो सक्तीचा झाला. परिषदेच्या जागी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला, पण एटकॉम राहिला. मूळ पुस्तिकेत २७ घटक आहेत आणि पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंत प्रत्येक टप्प्यात 'संवादाचा पाया' नावाचा एक घटक आहे. त्याच २०१९ मध्ये आलेल्या १७५ तासांच्या पायाभूत अभ्यासक्रमात भाषा आणि संगणक यांना ४० तास दिले होते. म्हणजे योजना होती, आणि चांगली होती. ही पुस्तिका मी बारकाईने वाचली आहे. रुग्णाशी बोलणं ही शिकवण्याची आणि तपासण्याची गोष्ट आहे, असं आपल्या देशात अधिकृतपणे प्रथमच इतक्या स्पष्ट शब्दांत लिहिलं गेलं. म्हणूनच त्याचं आज जे झालंय ते मला गप्प बसून बघवत नाही.

"बोलणं काय शिकवायचं? अनुभवाने येतं," हे वाक्य मी ज्येष्ठ डॉक्टरांकडून फार वेळा ऐकलं आहे. ते खरं नाही आणि हे आता केवळ मत राहिलेलं नाही. ब्रिटनमध्ये लेस्ली फॅलोफील्ड यांच्या गटाने १६० कर्करोगतज्ज्ञांवर चाचणी करून २००२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष मांडले. ज्यांना प्रशिक्षण मिळालं त्यांचं रुग्णाशी बोलणं सुधारलं. नुसती वर्षं सरल्याने आणि रुग्ण बघून ते सुधारत नाही, हेही त्यातून पुढे आलं. नोकरीत वीस वर्षं गेली म्हणून चुकीची सवय बरोबर होत नाही. ती फक्त पक्की होते, आणि मागून येणारे निवासी डॉक्टर तीच उचलतात.

डॉक्टर आणि रुग्ण एकमेकांशी कसे बोलतात, यावरचा अभ्यास निदान १९६८ पासून चालू आहे. त्या वर्षी बार्बरा कोर्श यांनी लॉस एंजेलिसच्या मुलांच्या रुग्णालयातल्या ८०० भेटींचं संभाषण ध्वनिमुद्रित करून तपासलं. जवळपास एक पंचमांश आयांना बाळाला काय झालंय हे नीट कळलेलं नव्हतं. आजार कशामुळे झाला हा प्रश्न जवळपास निम्म्या आया मनात घेऊन घरी गेल्या. आणि जास्त वेळ चाललेल्या भेटीत समाधान जास्त, असंही आढळलं नाही. वेळ किती दिला यापेक्षा त्या वेळात काय घडलं याला महत्त्व होतं.

१९८४ मध्ये अमेरिकेतच बेकमन आणि फ्रँकेल यांनी ७४ भेटी तपासल्या. रुग्ण आपली तक्रार सांगू लागल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला मध्येच तोडत होते. आपलं पहिलं म्हणणं पूर्ण करू शकले असे रुग्ण फक्त २३ टक्के. यावर कुणीही म्हणेल की रुग्णाला बोलू दिलं तर तो थांबणारच नाही आणि बाहेरची रांग कुठल्या कुठे जाईल. स्वित्झर्लंडमध्ये बाझेलच्या डॉक्टरांनी हेच तपासून पाहिलं. ३३५ रुग्णांना मध्ये न तोडता बोलू दिलं. ते सरासरी ९२ सेकंद बोलले. दोन मिनिटांत ७८ टक्के रुग्णांचं सांगून झालं होतं. ही आकडेवारी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. आमच्याकडच्या किती विभागप्रमुखांनी ती आपल्या निवासी डॉक्टरांना दाखवली असेल?

आमच्या ओपीडीत रुग्णाच्या बोलण्याला ९२ सेकंदही नसतात, हे मला माहीत आहे. ६७ देशांमधल्या माहितीचा आढावा २०१७ मध्ये निघाला. त्यात बांगलादेशात भेटीचा वेळ ४८ सेकंद, स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं आणि भारतात सुमारे दोन मिनिटं होता. दुपारचा एक वाजला तरी दारासमोरची गर्दी हटत नाही, आणि खुर्चीतला निवासी डॉक्टर आदल्या रात्रीची इमर्जन्सी करून सकाळी तसाच येऊन बसलेला असतो, हे मी रोज पाहिलं आहे. त्या पोरांविरुद्ध माझी एक ओळही नाही. उलट त्यांना काहीही न शिकवता त्या खुर्चीत बसवलं जातं, याबद्दल हे पत्र आहे.

आता माझ्या तक्रारी.

पहिली, औषध सांगण्याची. आमच्याकडे येणाऱ्या एक मावशी मधुमेहाच्या गोळ्या सांगितल्याप्रमाणे घेत असूनही त्यांची साखर वर-खाली व्हायची. प्रत्येक वेळी केसपेपरवर "गोळ्या नियमित घेत नाही" असा शेरा पडे आणि मावशींना बोलणी बसत. एकदा निवांत बसून विचारलं की गोळी कशी घेता, तर म्हणाल्या, "जेवल्यावर घ्यायला सांगितलीय ना. मग उपासाच्या दिवशी नाही घेत." सोमवार, एकादशी, संकष्टी, नवरात्राचे नऊ दिवस. सांगितलेलं त्या तंतोतंत पाळत होत्या. त्यांच्या घरात कोणत्या दिवशी जेवण नसतं, हे कुणी विचारलंच नव्हतं. तो प्रश्न विचारायला आणि उत्तर ऐकायला एक मिनिटही लागत नाही.

सांगून झाल्यावर रुग्णाकडूनच वदवून घेणं, "आता मला सांगा, घरी कशी घेणार?", ही पद्धत जगभर शिकवली जाते. सॅन फ्रान्सिस्कोत डीन शिलिंजर यांनी ३८ डॉक्टरांचं मधुमेहाच्या रुग्णांशी होणारं बोलणं तपासलं. २००३ च्या त्या अभ्यासात दर पाच भेटींपैकी एकीतच डॉक्टरांनी रुग्णाला काय समजलं याची खातरजमा केली होती. आमच्या औषधाच्या खिडकीवर तर पाकिटावर पेनने १-०-१ (सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक) लिहून पाकीट पुढे सरकवलं जातं. ते १-०-१ वाचता न येणारे किती जण त्या खिडकीतून रोज जातात, हे मला कुणी पटवून द्यायला नको. त्यांना घरी गेल्यावर लाल गोळी आणि पांढरी गोळी एवढंच आठवतं, आणि पुढच्या महिन्यात कंपनी बदलली की लाल गोळी पिवळी झालेली असते.

दुसरी तक्रार भाषेची. पदव्युत्तरच्या अर्ध्या जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात, त्यामुळे इतर राज्यांतून हुशार मुलं येतात. त्यांचं स्वागतच आहे. पण पहिल्या दिवसापासून ती ओपीडीत बसतात. समोरची बाई "अंगावरून जातंय" म्हणते, म्हातारबाबा "जीव घाबरा होतो, हातापायाला मुंग्या येतात" म्हणतात, कुणाला "कसकस वाटते", कुणाच्या पोटात "कळ येऊन जाते". निदानाला लागणारी माहिती त्या शब्दांतच असते आणि ती लिहून घ्यायला कुणी नसतं. मग वॉर्डबॉय दुभाषा होतो. बाईमाणूस आपली पाळीची तक्रार वॉर्डबॉयच्या तोंडून डॉक्टरांना कशी सांगणार? ती सांगतच नाही. "पोटात दुखतं" म्हणते आणि पोटदुखीची गोळी घेऊन जाते.

मराठी मुलांचंही सगळं सुरळीत आहे असं नाही. पुण्या-मुंबईत वाढलेल्या मुलाला नंदुरबारच्या पाड्यावरून आलेल्या पावरी बोलणाऱ्या आजीचं, मेळघाटातल्या कोरकू बोलणाऱ्या बाळंतिणीचं किंवा गडचिरोलीच्या गोंडी बोलणाऱ्या शेतकऱ्याचं काय कळतं? त्यांच्याशी बोलायला माणूस नेमलेला नसतो. सोबत शाळेत जाणारा नातू असला तर त्याच्याकडून आजीचं दुखणं विचारलं जातं. दहा-बारा वर्षांच्या पोराला आजीच्या गर्भाशयाबद्दल विचारायचं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

तिसरी तक्रार सगळ्यात जड आहे. वाईट बातमी आमच्याकडे जिन्यात सांगितली जाते. लिफ्टसमोर. वॉर्डच्या दारात, एक पाय आत आणि एक बाहेर असताना. वडिलांचा रिपोर्ट घेऊन एक तरुण माझ्याकडे आला होता. डॉक्टरांनी चालता चालता "मेटॅस्टॅसिस आहे, आता पॅलिएटिव्हच करायचं" असं सांगून फाइल त्याच्या हातात दिली होती. म्हणजे आजार शरीरात पसरला आहे, तो आता बरा होणार नाही, फक्त त्रास कमी करायचा. त्याने मला विचारलं, "मॅडम, हे पॅलिएटिव्ह केलं की किती दिवसांत बरे होतील? शेतीची कामं आलीत." त्याला तिथे खरं सांगायचं काम माझ्यावर आलं. मी डॉक्टर नाही. पुढचा प्रश्न त्याने विचारला असता तर त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

ही बातमी कशी सांगायची याची सहा पायऱ्यांची 'स्पाइक्स' नावाची पद्धत २००० सालापासून प्रसिद्ध आहे. त्यातली पहिली पायरी जागेची आहे: खाली बसा, दार लावा, मोबाइल बाजूला ठेवा. नंतरची, माणसाला आधीच किती माहीत आहे ते विचारा. यासाठी यंत्र लागत नाही, निधी लागत नाही. एक खोली आणि दोन-तीन खुर्च्या लागतात. अमेरिकेतल्या कॅन्सास इथल्या एका लहान अभ्यासात तर डॉक्टर खाटेशेजारी बसून बोलले तेव्हा त्यांनी जास्त वेळ दिला असं रुग्णांना वाटलं; प्रत्यक्षात उभ्याने बोलताना लागला त्यापेक्षा जास्त वेळ दिलेलाच नव्हता.

संमतीपत्राबद्दल थोडक्यात लिहिते. "इथे सही करा, नाहीतर ऑपरेशन होणार नाही" हे वाक्य म्हणजे संमती नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात स्पष्ट सांगितलं आहे की उपचार काय, त्यातले धोके काय, पर्याय काय, न केल्यास काय होईल, हे रुग्णाला कळेल इतकं सांगितलं पाहिजे. आमच्याकडे अंगठा उमटतो आणि कागद फाइलला लागतो.

आणि शेवटची, मारहाणीची. मार्च २०१७ मध्ये धुळ्यात निवासी डॉक्टरला झालेल्या मारहाणीनंतर राज्यभरचे निवासी डॉक्टर रजेवर गेले होते. डॉक्टरवर हात उचलणाऱ्याचं समर्थन मी कधी केलं नाही, करणार नाही. त्यासाठी २०१० चा कायदा आहे आणि तो कडकपणे वापरला पाहिजे. पण प्रत्येक घटनेनंतर आपण सुरक्षारक्षक मागतो, पास मागतो, कॅमेरे मागतो. मध्यरात्री दोन वाजता पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरने वीस नातेवाइकांना मृत्यूची बातमी एकट्याने कशी सांगायची, याचा सराव त्याच्याकडून कुणी करून घेतला होता का, हा प्रश्न चौकशीत मी कधी ऐकला नाही. एटकॉमच्या पुस्तिकेत मृत्यूला सामोरं जाण्यावर स्वतंत्र घटक आहे. तो वर्गात कसा घेतला गेला, हे तरी अशा चौकशीत तपासलं जावं.

रागाचा भडका उडण्याआधी बहुतेक वेळा काही तास गेलेले असतात, ज्यात त्या कुटुंबाशी कुणीही काहीही बोललेलं नसतं. मी त्या तासांमध्ये त्यांच्याजवळ बसलेली आहे. "आत काय चाललंय ते तरी सांगा" एवढंच ती माणसं म्हणत असतात.

आता मागण्या. यातल्या बहुतेक आपल्या अधिकारात आहेत, त्यासाठी मंत्रालयाकडे बोट दाखवायची गरज नाही.

एक. एटकॉमचे संवादाचे घटक सभागृहात घेणं बंद करा. ते आठ-दहा विद्यार्थ्यांच्या गटात, रुग्णासमोर किंवा रुग्णाची भूमिका करणाऱ्या प्रशिक्षित माणसासमोर, मराठीत घ्या. विद्यार्थी बोलताना शिक्षकाने बघितलं पाहिजे आणि लगेच सांगितलं पाहिजे की कुठे तोडलंस, कुठे ऐकलं नाहीस. न पाहता लॉगबुकवर सही करणारा शिक्षक विद्यार्थ्याला आणखी एक गोष्ट शिकवत असतो, आणि ती विद्यार्थी चांगली लक्षात ठेवतो.

दोन. प्रात्यक्षिक परीक्षेत रुग्णाशी बोलण्याचं एक स्वतंत्र स्टेशन (परीक्षेतला टप्पा) ठेवा आणि त्याचे गुण खरोखर धरा. लेखी पेपरात "उत्तम संवादाची तत्त्वे लिहा" या प्रश्नाचं पाठ केलेलं उत्तर लिहून कुणालाही बोलता येत नाही. यासाठी नियम बदलावा लागत असेल तर महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे आपण सर्वांनी मिळून प्रस्ताव द्यावा.

तीन. बाहेरच्या राज्यांतून आलेल्या निवासी डॉक्टरांसाठी रुजू होताच मराठीचे वर्ग ठेवा, ड्युटीच्या वेळेत. त्यांच्या झोपेतून वेळ कापून नको. शिकवायला व्याकरणाचे शिक्षक पुरेसे नाहीत. ज्येष्ठ परिचारिकांना बोलवा, त्यांना प्रत्येक जिल्ह्याची बोली आणि प्रत्येक दुखण्याचा शब्द माहीत असतो. आणि आदिवासी भागातून रुग्ण येतात अशा रुग्णालयांत पावरी, भिली, कोरकू, गोंडी बोलणारी माणसं, त्यांत बायकाही, मानधन देऊन नेमा. ही मागणी पैशांची आहे हे मान्य आहे. तिचा पाठपुरावा करायला आम्ही निवृत्त कर्मचारी आपल्यासोबत येऊ.

चार. प्रत्येक विभागात बातमी सांगण्यासाठी एक खोली ठरवा. गंभीर रुग्णाच्या नातेवाइकांशी दिवसातून ठरलेल्या वेळी बोला, आणि पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरला मृत्यूची बातमी एकट्याने सांगायला लावू नका. वरिष्ठ सोबत असला पाहिजे, रात्रीसुद्धा.

पाच. औषधाच्या खिडकीशेजारी एक टेबल ठेवा, जिथे रुग्ण स्वतः गोळ्या हातात घेऊन कशा घेणार ते सांगेल आणि ऐकणारा चूक दुरुस्त करेल. इंटर्न, फार्मसीचे आणि नर्सिंगचे विद्यार्थी हे आळीपाळीने करू शकतात. एक महिना त्या टेबलावर बसलेला इंटर्न पुढे कसं प्रिस्क्रिप्शन लिहितो, ते बघा.

सहा, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची. वर दिलेले जवळपास सगळे अभ्यास लॉस एंजेलिसचे, बाझेलचे, ब्रिटनचे आहेत. आपल्या महाविद्यालयांत दरवर्षी प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंध लिहावा लागतो. त्यातले काही विषय याला द्या. रुग्णाची लेखी परवानगी घेऊन, नावं काढून, आपल्या ओपीडीतलं बोलणं ध्वनिमुद्रित करा. मराठी बोलणाऱ्या रुग्णाला किती सेकंदांत तोडलं जातं? वृद्ध बाईऐवजी तिच्या मुलाशी किती बोललं जातं? भेट संपताना रुग्ण जे विचारायला आला होता ते विचारू शकला का? याची उत्तरं लॉस एंजेलिसवरून येणार नाहीत. सामाजिक वैद्यक विभाग, भाषा आणि समाजकार्य शिकवणारी शेजारची महाविद्यालयं, आमच्यासारखे निवृत्त लोक, सगळे मदतीला आहेत. या अभ्यासाला लागतं ते एक रेकॉर्डर, नैतिकता समितीची मान्यता आणि आपली सही.

या पत्राचं उत्तर मला व्यक्तिगत नको. आपल्या महाविद्यालयात संवादाचे घटक या वर्षी कोणत्या तारखांना, किती विद्यार्थ्यांच्या गटात आणि कोणत्या शिक्षकाच्या उपस्थितीत झाले, एवढं सूचना फलकावर लावावं. जिथे झाले नाहीत तिथे चालू सत्र संपायच्या आत ते घ्यावेत. आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलांचं समाजसेवा विभागात येऊन रुग्णाशी बोलणं जिथे बंद केलंय, तिथे ते येत्या महिन्यापासून पुन्हा सुरू करावं.

आपली विश्वासू,
एक निवृत्त समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)